वर्षाचे गहू आणि वर्षाचा पास

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या आठवड्यात सिन्नर फाट्याकडून एका ताईंचं पत्र आलं. त्यांच्या मुलाने लोकलचा वर्षभराचा पास काढला आणि दोन महिन्यांत त्याची बदली झाली. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का, असं त्यांनी विचारलंय. पत्र वाचलं आणि मला हसू आलं. ताई, तुम्हाला नाही हसले बरं का. मला आमचे दाजी आठवले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईचे यजमान, राहणार भगूर. ह्या माणसाला किलोवर काही आणलेलं चालत नाही. गहू वर्षाचे, डाळी वर्षाच्या, तिखट वर्षाचं. मे महिना आला की अंगणात गहू पसरायचे, ताईने ते निवडायचे आणि दाजींनी स्वतः मांडी घालून त्यांना एरंडेल चोळायचं. हल्ली धान्यात पावडरी टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. एरंडेल लावलेल्या गव्हाच्या पोळीला जी चव असते, ती पावडरीच्या गव्हाला नाही. असो. दाजींचं म्हणणं एकच, "एकदाच काय ते भरून टाकायचं, मग वर्षभर बघायला नको."

भाच्याला मुंबईत नोकरी लागली. कल्याणला मित्रांबरोबर खोली घेतली आणि ऑफिस फोर्टात. दाजी त्याला पोचवायला गेले ते गादी, कुकर आणि तिखटाचा डबा घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्टेशनवर नेऊन कल्याण ते सीएसएमटी, दुसरा वर्ग, वर्षाचा पास काढून दिला. पोरगं म्हणत होतं, "बाबा, तीन महिन्यांचा काढू." बाबा म्हणाले, "दर तीन महिन्यांनी रांगेत उभं राहायचं का? भरून टाक."

सात आठवडे झाले. एका सोमवारी ऑफिसात सगळ्यांना निरोप, आपली जागा ऐरोलीला हलली, पुढच्या सोमवारपासून तिकडे यायचं.

दाजींना कळलं तेव्हा ते जेवत होते. ताई सांगते, हातातला घास तसाच राहिला. नोकरी तीच, पगार तोच, पण पास? मला फोन आला, "तू रेडिओवर बोलतेस, तुला नियम माहीत असतील. चल माझ्याबरोबर." आता रेडिओवर बोलणाऱ्या बाईला रेल्वेचे नियम कुठून माहीत असणार? पण दाजींना नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. शनिवारी सकाळी नाशिकरोडहून निघालो. दाजींच्या पिशवीत पासाची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स, ऑफिसच्या पत्राची झेरॉक्स आणि खाली अर्धा किलो चिवडा. चिवडा कशाला विचारलं, तर म्हणाले, "रिकाम्या हाताने जाऊ नये."

कल्याण स्टेशनवर भाचा येऊन थांबलेला. खिडकीमागे पंचविशीतली एक मुलगी, कपाळाला टिकली, शेजारी पाण्याची बाटली. दाजींनी पास पुढे सरकवला.

"ताई, हा परत घ्या. दहा महिने शिल्लक आहेत."

तिने पास पाहिला. "काका, पासाचा परतावा नाही मिळत."

"का नाही? मी गव्हाचं पोतं घेतलं, नको झालं, तर दुकानदार परत घेतो की."

ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, न उघडलेलं घेत असेल. तुम्ही सात आठवडे पोळ्या खाल्ल्यात."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. दाजी हटले नाहीत. "बरं, मग मार्ग बदलून द्या. कल्याण-मुंबईचं कल्याण-ऐरोली करा."

"तसं होत नाही."

"मग ह्याच्या मित्राच्या नावावर करा. तो मुंबईलाच जातो."

"काका, ओळखपत्रावर फोटो कुणाचा आहे? पास दुसऱ्याला चालत नाही. पकडलं तर दंड तुमच्या मुलाच्या मित्राला."

"मग काहीच बदलता येत नाही का?"

"फर्स्ट क्लासचा असता तर फरक भरून एसी लोकलचा करून दिला असता. हा सेकंडचा आहे."

दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ! म्हणजे जास्त पैसे द्यायचे असले तर बदलतो. कमी करायचे असले की नियम!"

आणि मग त्या मुलीने मान वर करून भाच्याला विचारलं, "तू ऐरोलीला जाणार कसा?"

"ठाण्याला उतरून, ट्रान्स-हार्बरच्या लोकलने."

"मग तुझा पास कल्याणहून ठाण्यापर्यंत चालतोच की. वाटेतलंच स्टेशन आहे. तू फक्त ठाणे ते ऐरोली काढ. महिन्याचा काढ हो, वर्षाचा नको."

एवढी साधी गोष्ट. आम्ही नाशिकहून तीन-तीन झेरॉक्स घेऊन गेलो, पण पासावर मधलं कुठलंही स्टेशन चालतं हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दाजींनी मुकाट्याने ठाणे-ऐरोलीचा महिन्याचा पास काढून दिला आणि पिशवीतून चिवड्याचा पुडा काढला. ती घेईना. "ड्यूटीवर घेत नाही काका." शेवटी तो चिवडा आम्ही तिघांनी प्लॅटफॉर्मवर बसून खाल्ला. दाजी खात होते आणि हिशेब करत होते. ठाणे ते मुंबई हा तुकडा दहा महिने वाया जाणार. त्यांना तो तुकडा पचेना.

त्याची पुढची गंमत सांगते, पण आधी त्या सिन्नर फाट्याच्या ताईंना उत्तर देते, नाहीतर वेळ संपायचा.

ताई, लोकलचा पास वापरायला सुरुवात झाली की उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. मोबाईलवर काढलेला पास तर रद्दच करता येत नाही. हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पहिल्या वर्गाचा पास असेल तर फरक भरून एसी लोकलचा करून घेता येतो, ही सोय सप्टेंबर 2022 पासून आहे, आणि त्यासाठी खिडकीवरच जावं लागतं. मुलाचा नवा रस्ता जुन्या पासाच्या रस्त्यावरून थोडा जरी जात असेल, तर तेवढा भाग वापरा आणि पुढच्या तुकड्याचा वेगळा पास काढा.

आता मला जे सांगायचंय ते नीट ऐका, कागद-पेन्सिल असेल तर घ्या. वर्षाचा पास काढला की खूप वाचतात असं सगळ्यांना वाटतं. रेल्वेचा हिशेब असा आहे. तीन महिन्यांचा पास म्हणजे महिन्याच्या पासाच्या 2.7 पट. सहा महिन्यांचा 5.4 पट. वर्षाचा 10.8 पट. समजा महिन्याचा पास 300 रुपयांचा आहे. बारा वेळा काढला तर 3600. वर्षाचा एकदम काढला तर 3240. वाचले 360. बरोबर? आता तीन महिन्यांचा बघा. 810 रुपये. चार वेळा काढला तर? आठशे दहा चोक किती? 3240. तेच!

पुन्हा सांगते. तीन महिन्यांचे चार पास आणि वर्षाचा एक पास, पैसे तेवढेच. वरचे आकार आणि राउंड करण्यात पाच-दहा रुपये इकडेतिकडे होतील, पण वर्षाच्या पासात जास्तीची बचत नाही. वाचते ती फक्त तीनदा रांगेत उभं राहण्याची दगदग. नोकरी पक्की, घर पक्कं, तर खुशाल वर्षाचा काढा. मुलगा नुकताच नोकरीला लागलाय, खोली भाड्याची आहे, तर तीन महिन्यांचा. तीन महिन्यांचाच.

एसटीचं गणित वेगळं. महिन्याच्या पासाला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास, आणि त्रैमासिकाला 50 दिवसांचं भाडं भरून 90 दिवस. पण बायकांनो, थांबा. 17 मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. महिन्यात पंचवीस दिवस जा-ये केली तरी अर्ध्या तिकिटाने साडेबारा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढेच पैसे जातात. मग वीस दिवसांचं भाडं आधीच कशाला भरायचं? मी हे आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेला सांगितलं, ती निफाडला जाते. तिने तिथेच रिक्षात बोटांवर मोजलं आणि कपाळावर हात मारला. आणि जाता जाता एक, बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्यांना माझ्या मते अर्धं काय, दुप्पट तिकीट लावावं. पण ते माझं मत झालं.

तर दाजी. ठाणे-मुंबई तुकडा वाया जातोय म्हटल्यावर त्यांनी भाच्याला हुकूम सोडला, दर रविवारी लोकलने मुंबईला जाऊन यायचं. काम असो नसो. पैसे भरलेत ना? भगूरला स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब लिहायचं. त्यावर दाजी दर रविवारी रात्री फोन करून, गेला असेल तर निळ्या पेनने बरोबरची खूण आणि नसेल तर लाल फुली करायला लागले. दुधाच्या लिटरशेजारी भाच्याचा रविवार. पोरगं बिचारं जायचं. एकदा राणीची बाग, एकदा चौपाटी, बाकी वेळा सीएसएमटीला उतरून चहा प्यायचं आणि पुढच्या गाडीने परत. पावसाळ्यात लोकल बंद पडली त्या रविवारी ताई म्हणाली, आज राहू द्या हो, तर दाजींनी फुलीच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं.

पास संपला त्या दिवशी मी भगूरला होते. दाजींनी कॅलेंडरची पानं उलटून मोजलं. एकतीस रविवार गेला, बारा फुल्या, एक प्रश्नचिन्ह.

भाच्याला म्हणाले, "बारा रविवार बुडवलेस."

तो म्हणाला, "बाबा, नवीन पास तीन महिन्यांचा काढलाय."

"कुठपर्यंत?"

"कल्याण ते ठाणे."

दाजींनी कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं आणि ताईला विचारलं, "गहू भरायचेत ना ह्या वर्षी?"

नमस्कार.