मंजुरी अडते, पगार मात्र एक तारखेला

नमस्कार श्रोतेहो.

घर बांधायचं ठरलं की लोकांना आधी कॉन्ट्रॅक्टर आठवतो, मग बँक. आर्किटेक्टकडे येतात ते बहुतेक वेळा नकाशा ‘पास’ करून घ्यायला. आमच्या व्यवसायाची सगळी मेख या ‘पास’ शब्दात आहे. आज तेवढंच बोलतो.

8 नोव्हेंबर 2016 ची रात्र तुम्हाला आठवत असेल. नोटाबंदी झाली. तिच्यातून सावरतोय तोवर 1 मे 2017 ला घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि 1 जुलैला जीएसटी आला. त्या वेळी पुण्यातल्या माझ्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. गंमत बघा, काम भरपूर होतं. तीन प्रकल्पांची ड्रॉइंग्ज तयार होऊन महापालिकेत दाखल झाली होती. पण करारात लिहिलेलं होतं की फीचा मोठा हप्ता मंजुरी मिळाल्यावर. बिल्डर म्हणायचा, “सॅन्क्शन येऊ द्या, दुसऱ्या दिवशी चेक देतो.” तो खोटं बोलत नव्हता. बाजार थंड पडला होता, त्यामुळे त्यालाच मंजुरीची घाई उरली नव्हती. मी मात्र पगारासाठी एफडी मोडली.

तेव्हा कळलं की आर्किटेक्टचं ऑफिस काम नसल्यामुळे बुडतं त्यापेक्षा जास्त वेळा काम करून बसल्यामुळे बुडतं. आमचे कष्ट ड्रॉइंग हातावेगळं होतं तिथे संपतात, आणि पैसे मात्र अशा एका सहीला बांधलेले असतात जी आमच्या हातात नाही, बिल्डरच्याही नाही. 2018 च्या ऑगस्टअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बांधकामांना स्थगिती दिली होती. कारण काय, तर न्यायालयाच्या मते राज्याने घनकचऱ्याचं धोरण केलं नव्हतं. आता कचऱ्याचं धोरण मी कुठून करणार होतो? 2024 मध्ये तर एकाच वर्षात दोनदा आचारसंहिता लागली, आधी लोकसभेची, मग विधानसभेची. सरकारी कामं करणाऱ्या आमच्या मित्रांची नवी टेंडरं तेवढे महिने फायलीतच राहिली.

म्हणून मी आधी ग्राहकाशी करायचं नेमणूकपत्र बदललं. हप्ता आता ड्रॉइंग दाखल केल्यावर घेतो, मंजुरीवर फक्त शेवटचा छोटा भाग ठेवतो. आणखी एक ओळ घातली: नियम बदलल्यामुळे ड्रॉइंग पुन्हा करावं लागलं तर त्याची फी वेगळी. लिहिताना संकोच वाटला होता. मग डिसेंबर 2020 मध्ये, मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला लागू होणारी एकत्रित बांधकाम नियमावली आली, आणि एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याची, गणितंच बदलल्यामुळे कित्येक फायली नव्याने काढाव्या लागल्या. त्या एका ओळीने त्या वर्षी दोन जणांचे पगार निघाले.

दुसरी गोष्ट बिलाची. आमच्या सेवेवर 18 टक्के जीएसटी. पक्कं बिल दिलं की पैसे हाती येवोत न येवोत, पुढच्या महिन्यात कर भरायचाच. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवायचा. शिवाय लघुउद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केली की लेखी करारातही 45 दिवसांच्या पुढची उधारी कायद्यात बसत नाही. भांडायला जावंच असं नाही. बिलाच्या खाली नोंदणी क्रमांक छापला तरी समोरच्याचे सीए फोन उचलायला लागतात.

पण दुष्काळाइतकाच पूरही वाईट असतो. 2021 मध्ये सरकारने बांधकामाचे प्रीमियम, म्हणजे परवानगीसाठी बिल्डरने भरायचं शुल्क, 50 टक्क्यांनी कमी केले, मुदत 31 डिसेंबर. वर्षअखेरीस जी झुंबड उडाली, ती विचारू नका. ओळखीच्या ऑफिसांनी भराभर मुलं घेतली आणि लाट ओसरल्यावर त्यातल्या निम्म्यांना घरी पाठवलं. मी नवीन कुणालाच घेतलं नाही, दोन कामं नाकारली. बायकोने वेड्यात काढलं. त्यातल्या एका कामाची रुखरुख मला अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

राहता राहिली छोटी कामं. जुन्या वाड्याचं छप्पर, सोसायटीची गळती, दुरुस्तीचा अंदाज, पुनर्विकासाआधी बिल्डरने दिलेला प्रस्ताव सभासदांना समजावून सांगणं. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही आणि यात फोटो छापून येण्यासारखं काही नसतं. फी कमी, पण सोसायटीचा खजिनदार रोख हिशेबाचा माणूस, सभेत ठराव झाला की चेक येतो. आणि अशी कामं मंत्रालयात कोण बसलंय यावर अवलंबून नसतात.

उद्या सकाळी सात वाजता मला अशाच एका गच्चीवर चढायचं आहे. तीन वर्षं वॉटरप्रूफिंग करूनही चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरात पाणी येतंय. माझा संशय वरच्या टाकीच्या पाइपवर आहे.

नमस्कार.