स्क्रीन काळी पडली, तरी फोटो शाबूत असतात

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात पावसाची झड लागली की जुन्या कॉम्प्युटरची एक तक्रार हमखास ऐकू येते. बटण दाबलं, पंखा फिरला, डब्यावरचा दिवा लागला, पण स्क्रीनवर काहीच नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेला वाटतं, आता टाकून द्यायचा." आणि खरंच तो भंगारात जातो. त्याच्याबरोबर जातात पोरांच्या बारशाचे फोटो, लक्ष्मीपुरीतल्या दुकानाचे जुने हिशेब, पत्रिका छापणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या फाईली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बहुतेक वाचवता येतं.

हे सगळं हार्डडिस्कवर असतं आणि स्क्रीन पूर्ण काळी राहण्याचं कारण हार्डडिस्क क्वचितच असते. डिस्क बिघडली तरी सुरू होताना बोर्डाच्या, म्हणजे सगळे भाग जिथं जोडलेले असतात त्या मदरबोर्डाच्या, कंपनीचं नाव किंवा काळ्यावर पांढरी अक्षरं बहुधा उमटतातच. तीसुद्धा आली नाहीत, तर दोष दुसरीकडे शोधायचा.

आधी ठरवूया, बिघाड मॉनिटरमध्ये आहे की डब्यात. मॉनिटर चालू ठेवा आणि त्याची निळ्या टोकाची व्हीजीए केबल कॉम्प्युटरच्या मागून काढा. "नो सिग्नल" किंवा तशी काही अक्षरं दिसली तर मॉनिटर ठीक आहे. केबलच्या तोंडात डोकावून पाहा. तीन ओळींत 15 पिनांची जागा असते. मधल्या ओळीत एखादी पिन नसेल तर घाबरू नका, कित्येक केबलींत ती मुळातच नसते. वाकलेली पिन मात्र अलगद सरळ करा. डब्यात स्क्रीनवर चित्र पाठवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची.

सपाट मॉनिटर असेल तर आणखी एक करून पाहा. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. आत पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा प्रकाश गेलाय, कॉम्प्युटर चालू आहे. जुना, मोठ्या पोटाचा मॉनिटर मात्र कधीही उघडू नका. त्याच्या आत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकून राहू शकतो.

आता डबा. पावसाळ्यात मला पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डावरच्या खाचेत, स्लॉटमध्ये, बसवलेल्या मेमरीच्या पट्टीवर येतो. तिच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. दमट हवेनं आणि धुळीनं त्यांच्यावर थर चढतो आणि स्लॉटशी जोड नीट लागत नाही. उद्यमनगरासारख्या ठिकाणी, लेथच्या आसपास घर असेल तर बारीक धूळ आणखी साचते. कॉम्प्युटर पंधरा दिवस बंद होता आणि मग सुरूच झाला नाही, अशी गोष्ट असेल तर आधी रॅम पाहा.

प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. प्लग काढल्यावर कॉम्प्युटरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डबा उघडला की त्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत जा. रॅमच्या दोन्ही टोकांच्या कळा बाहेर दाबल्या की ती वर येते. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर त्या पट्ट्यांवर हलकेच फिरवा. काचकागद नको, पाणी नको. रबराचा चुरा बाहेरच झटका, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. रॅमला एक खाच असते, ती जुळवून सरळ दाबा. कळा आपोआप लागल्या पाहिजेत. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

मग सुरू करा आणि कान द्या. एक छोटा बीप बहुधा चांगला असतो. थांबत थांबत पुन्हा पुन्हा होणारा बीप बहुतेक वेळा रॅमची तक्रार सांगतो. अनेक जुन्या बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कंपनीनुसार यात फरक पडतो, म्हणून बोर्डावरचं नाव लिहून ठेवा. काहीच आवाज येत नसेल, तर आत छोटा स्पीकर जोडलेला आहे का तेही पाहा, नसतोही. तो असेल तर प्लग काढून सगळी रॅम बाहेर घ्या आणि पुन्हा सुरू करा. आता बोर्डानं ओरडायलाच हवं. तरीही गप्प असेल तर दोष बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीत, आहे. बोर्डावरची नळकांडीसारखी कपॅसिटरं वर फुगली असतील तर बोर्ड दुरुस्तीला द्या. एसएमपीएस घरी उघडू नका.

विंडोजचं चिन्ह दिसून मग काळं होत असेल, तर तो बिघाड वेगळा. विंडोज एक्सपी किंवा सेव्हन असेल तर सुरू होताना एफ एट दाबत राहा आणि सेफ मोड निवडा. बऱ्याचदा डिस्प्ले ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवण्याचं काम पाहणारा प्रोग्रॅम, किंवा मॉनिटरला न झेपणारं रिझोल्यूशन कारण निघतं.

2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्याकडे अजून तसाच ठेवलेला डबा असेल तर तो सुरू करून पाहू नका.

दुकानात नेण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा. चार स्क्रू आणि दोन जोडण्या, एवढंच. नुसता डिस्प्ले आणायला दुरुस्तीवाल्याला ती लागत नाही, आणि मग फॉरमॅटची, म्हणजे सगळं पुसलं जाण्याची, भीतीही उरत नाही. फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्यायला यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. तो घेताना जोडणी पाहून घ्या. रुंद चपटी पट्टी असेल तर आयडीई, बोटभर रुंदीची असेल तर साटा. घरच्या कॉम्प्युटरमधली मोठी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर चालत नाही, म्हणून वेगळा अडॅप्टर असलेलाच कन्व्हर्टर मागा.

नमस्कार.