पाँटूनवरची तांबी

[पहाट. नदीवर धुकं. रिकामा पाँटून.]

पहाटेचे साडेपाच वाजलेत, डिसेंबरचा महिना, पुण्यातली नदी, पाण्यावरून वाफ निघतीये. बोट क्लबच्या गेटचं कुलूप वाजलं की इथं सगळ्यात आधी कोण उठतं माहितीये? कोच नाही, वॉचमनकाका पण नाही. बोटींच्या रॅकखाली एक जुनं गोणपाट आहे, त्यावरून तांबी उठते, आधी पुढचे पाय ताणते, मग मागचे, एक मोठी जांभई देते आणि सरळ चालत जाऊन पाँटूनच्या, म्हणजे बोटी सोडायच्या तरंगत्या फलाटाच्या, टोकाला बसते. आम्ही बोटी काढायच्या आधी ती जागेवर असते, रोज.

[क्लोजअप: कुत्रीचा कान]

हिचा डावा कान बघा. टोकाला खाच आहे ना, ती कुणी चावून झालेली नाहीये, नसबंदी आणि रेबीजची लस झाली की ओळख म्हणून तशी खूण करतात. म्हणजे रस्त्यावरचीच कुत्री, कुणी विकत आणलेली नाही. एका पावसाळ्यात नदीला पाणी आलं तेव्हा कुठूनतरी भिजत आली, रॅकखाली कोरडी जागा सापडली, आणि राहिली ती राहिलीच. तांबूस रंग म्हणून तांबी, नाव ठेवायला कुणी फार डोकं चालवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल बोट क्लबमध्ये कुत्र्याचं काय काम. तर आजचा हा व्हिडिओ त्यावरच आहे, कारण मी रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींचा खेळ, करायला लागल्यापासून जिथं जिथं बोट क्लब बघितलेत किंवा ज्यांच्याबद्दल वाचलंय तिथं कुत्रं हे असतंच असतं, आणि याला एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं. ते थोड्या वेळानं सांगतो. आधी आपल्याला अमेरिकेला जायचंय.

[जुना कृष्णधवल फोटो]

कनेटिकट राज्य, न्यू हेवन शहर, साल 1889. येल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ग्रेव्ह्‌ज नावाचा एक विद्यार्थी होता, अमेरिकन फुटबॉल खेळायचा आणि येलच्या बोटीत वल्हं पण मारायचा, म्हणजे आपल्यातलाच, रोअर. त्याला एका लोहाराच्या दुकानाबाहेर बसलेला एक बुलडॉग दिसला, मळलेला, चपटं नाक, खालचे दात बाहेर. ग्रेव्ह्‌जनं लोहाराला पैसे दिले, कुत्रं घेतलं, घासून पुसून स्वच्छ केलं आणि त्याचं नाव पडलं हँडसम डॅन. चेहरा तसा अजिबात नव्हता म्हणूनच ते नाव. हा डॅन ग्रेव्ह्‌जच्या मागं मागं सगळ्या कॅम्पसभर फिरायचा, मग मॅचच्या आधी त्याला मैदानावरून चालवत न्यायची पद्धत पडली, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांमधला पहिला जिवंत मॅस्कॉट, म्हणजे टीमचा शुभंकर, म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

त्याची एक गंमत सगळ्यांना आवडायची. येलचं हाडवैर कुणाशी, तर हार्वर्डशी. डॅनला कुणी म्हणालं की हार्वर्डशी बोल, की तो असा काही भुंकायचा, अंग पिळवटून, जणू समोर हार्वर्डची अख्खी टीम उभी आहे.

आणि ह्या वैराची सुरुवात पण पाण्यावरच झालीये बरं का! 3 ऑगस्ट 1852, न्यू हॅम्पशर राज्यातलं विनिपेसॉकी नावाचं तळं, तिथं हार्वर्ड आणि येल यांच्यात बोटींची शर्यत झाली, हार्वर्ड जिंकलं, आणि दोन कॉलेजांमधला अमेरिकेतला पहिला खेळाचा सामना म्हणून हीच शर्यत धरतात. क्रिकेट नाही, फुटबॉल नाही, रोइंग! आम्हा रोइंगवाल्यांना ही गोष्ट सांगताना छाती फुगल्यासारखी होते. ही शर्यत आता कनेटिकटमधल्या न्यू लंडन गावाजवळ होते, नदीचं स्पेलिंग लंडनच्या टेम्सचंच आहे पण तिथली माणसं थेम्स म्हणतात.

डॅन गेल्यावर त्याला पुरलं नाही. पेंढा भरून जतन केलाय, येलच्या पेन व्हिटनी जिमन्याशियममध्ये ट्रॉफ्यांच्या खोलीत काचेच्या पेटीत तो अजून उभा आहे. मला खरं सांगायचं तर पेंढा भरलेलं जनावर बघवत नाही, पण ज्यांनी ते केलं त्यांचं दुःख मात्र मला कळतं, त्यांना तो दारात हवा होता. नंतर एकामागून एक डॅन होत गेले, एकोणिसावा 2021 मध्ये आला, त्याचं घरचं नाव किंगमन.

[सिएटल. बोटहाऊसच्या छताला टांगलेली लांब लाकडी बोट]

दुसरं टोक, अमेरिकेचा पश्चिम किनारा, सिएटल. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टननं 1922 मध्ये आपलं चिन्ह म्हणून हस्की घेतला, बर्फात गाडी ओढणारं कुत्रं. ओढणारं हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण रोइंग म्हणजे सगळा ओढायचाच खेळ. त्यांच्या पोरांनी 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या बोटीत गोल्ड घेतलं, इटली फक्त 0.6 सेकंदानं मागं आणि जर्मनी त्याच्या लगेच मागं, आणि ज्या बोटीतून घेतलं तिचं नाव होतं हस्की क्लिपर. जॉर्ज पोकॉक नावाच्या कारागिरानं सीडरच्या लाकडात घडवलेली बोट, ती आज त्यांच्या बोटहाऊसमध्ये वर टांगलीये. म्हणजे कुत्र्याचं नाव घेऊन ऑलिंपिकला गेली आणि जिंकून आली. नाव हस्की असलं तरी मैदानावर येणारं त्यांचं कुत्रं अलास्कन मॅलम्यूट जातीचं असतं, दिसायला थोराड, स्वभावानं गरीब.

[पुणे. बोट खांद्यावर घेऊन चालणारी टीम]

पण हे झाले मोठ्या घरचे मॅस्कॉट, फोटोतले. मला जास्त जवळचं वाटतं ते तांबीसारखं कुत्रं, ज्याला कुणी नेमलेलं नाहीये.

आता ते कारण सांगतो. रोइंगमध्ये माणूस उलटा बसतो. बोट जिकडं जाते तिकडं आपली पाठ असते आणि तोंड मागं, म्हणजे किनारा सोडला की किनाराच दिसत राहतो, दूर दूर जाताना. समोर बघून बसतो तो फक्त कॉक्स, जो सुकाणू धरतो आणि कमांड देतो. बाकी आम्ही सगळे पाँटूनकडं बघत बघत पाँटून सोडतो. आणि त्या पाँटूनवर कोण बसलेलं असतं? आईवडील नाही, मित्र नाही, पहाटे सहा वाजता कोण येणार, फक्त तांबी. दर स्ट्रोकला, म्हणजे वल्ह्याच्या दर ओढीला, ती थोडी लहान होते, मग तांबडा ठिपका, मग पुलाच्या खालून वळलं की तोही दिसत नाही. गेली पंधरा वर्षं मी हेच बघतोय, आधी तांबीच्या आधीचा काळू होता, आणि मला वाटतं जगात जिथं जिथं बोट क्लब आहे तिथं कुणीतरी रोअर असंच बघत असणार.

[आर्काइव्ह फुटेज: चार जणांची बोट]

तांबी नवीन होती तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघं आणि कॉक्स, बोट सुटली, आठदहा स्ट्रोक झाले असतील आणि धप्प आवाज झाला. कॉक्सला दिसेना कारण ती त्याच्या पाठीमागं, आम्हाला मात्र चौघांना स्वच्छ दिसतंय की कुत्रीनं उडी मारलीये आणि ती पोहत बोटीच्या मागं येतीये, नुसतं डोकं वर, कान मागं. आता बोटीत नियम असा की कॉक्सशिवाय कुणी बोलायचं नाही. स्ट्रोक सीटवर, म्हणजे कॉक्सच्या तोंडासमोर, बसलेला आमचा मित्र नुसते डोळे मोठे करतोय, शेवटी ओरडलाच, कुत्री आहे मागं! ईझी ऑल! म्हणजे थांबा. वल्ही पाण्यावर आडवी टाकली, बोट थांबायला लागली.

आणि थांबल्यावर करायचं काय? रेसिंगची बोट इतकी अरुंद असते की वल्ही हे तिचे हात असतात, वल्ही सोडली की कलंडलीच, वाकून कुत्री वर घ्यायचा प्रश्नच नाही, कडा कागदासारखी पातळ आणि तिला नखं. त्यात जलपर्णी. तांबीच्या गळ्याभोवती आणि पायात ती मुळं गुंतत चालली, डोकं खाली जायला लागलं, आणि आम्ही पाच जण हात असून काही करू शकत नव्हतो. ते अर्धं मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. कोचची मोटरबोट आली, सरांनी वाकून मानगूट पकडली आणि जलपर्णीसकट तिला आत ओढली. ती उभी राहिली, अंग झटकलं, सर नखशिखांत भिजले, आणि मग तिनं आमच्याकडं बघून शेपूट हलवली.

तेव्हापासून बोटी सुटताना वॉचमनकाका तिच्या शेजारी बसतात, गळ्यातल्या पट्ट्यात दोन बोटं अडकवून. पट्टा ओढत नाहीत, नुसती बोटं. बोटी पुलापलीकडं गेल्या की बोटं काढतात.

दुसरा नियम बोट उचलतानाचा. आठ जणांची बोट सतरा मीटरच्या आसपास लांब, वजन शंभर किलोच्या घरात, आठ माणसं डोक्यावर घेऊन उतारावरून खाली येतात आणि पायाखाली कुणालाच दिसत नसतं. तिथं कुत्रं मधे आलं तर कुत्र्याचाही पाय जातो आणि माणसाचाही. त्यामुळं बोट रॅकमधून निघाली की पाण्यात जाईपर्यंत तांबी ऑफिसच्या दारात बांधलेली. हिच्यावर प्रेम असेल तर हे करायलाच पाहिजे, नुसते फोटो काढून चालत नाही.

[डॉक्टर इंजेक्शन देतायत]

आणि लस. दरवर्षी रेबीजची आणि लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. लेप्टो आपल्याकडं पावसाळ्यात सगळ्यांना माहितीये, उंदराच्या लघवीतून पाण्यात जातो, कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो, कातडीला कुठं जखम असेल तर तिथून आत शिरतो. रोअरच्या हाताला तर कायम फोड आलेले आणि फुटलेले. ब्रिटनचा अँडी होम्स, 1984 आणि 1988 ला ऑलिंपिक गोल्ड जिंकलेला माणूस, 2010 मध्ये याच आजारानं गेला, वय 51. म्हणून आमच्याकडं पोरांच्या हाताला पट्टी आणि तांबीला इंजेक्शन, दोन्ही सर स्वतः बघतात. पैसे आम्ही काढतो, सीनियर पोरं सगळ्यांकडून गोळा करतात, आजपर्यंत कुणी नाही म्हणलेलं मला आठवत नाही.

[संथ पाणी. बोटीतून घेतलेला शॉट, कॅमेऱ्याचं तोंड मागच्या बाजूला]

तांबी आता म्हातारी झालीये. डोळ्यात मोतीबिंदू, डॉक्टर म्हणतात सावल्या दिसत असतील फार तर. तरी पाँटूनच्या टोकाला जाते, पाय मोजून मोजून टाकते, काका मागं मागं.

जाताना आम्ही तिला बघतो पण परत येताना उलटं असतं. परत येताना पाँटून आमच्या पाठीशी असतो, आम्हाला काहीच दिसत नाही, आणि तिलाही आता दिसत नाही. पण वल्हं फिरवताना रिगरच्या, म्हणजे वल्हं अडकवायच्या दांडीच्या, खोबणीत एक खट्ट आवाज होतो, चार जणांचा एकदम झाला तर तो पाण्यावरून लांबवर जातो. तो तिला कळतो. पूल ओलांडला की एकदा भुंकते, थांबते, परत भुंकते, आणि आम्हाला मागं न बघता समजतं की आता साधारण तीस स्ट्रोक राहिलेत. 

हा शेवटचा शॉट मी बो सीटवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या जागेवरून, घेतलाय. ह्यात तांबी दिसणार नाही, ती पाठीमागं आहे. आवाज थोडा वाढवा.

[पाण्याचा आवाज. खट्ट. खट्ट. लांबून भुंकणं.]