सावलीतली नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगी बारावी होते. मेडिकलला नंबर लागत नाही, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही. मग घरातलं कुणी वडीलधारं म्हणतं, "डी.एड. करून टाक. अकरा ते पाच नोकरी, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, घर सांभाळून होतं." महाराष्ट्रातल्या किती घरांत हा सल्ला दिला गेला असेल! मलाही याच शब्दांत दिला गेला आणि मी तो मानला. पुढची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत झाली. म्हणून आज हाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे: इतर नोकऱ्यांच्या मानाने शिक्षकाची नोकरी सोपी आहे का?

जे खरं आहे ते आधी मान्य करू. सुट्ट्या आहेत. पगार दर महिन्याला होतो. सातव्या वेतन आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होतं आणि खेड्यात ही रक्कम लहान नाही. तिथवर पोचण्याआधी मात्र तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकचं मानधन महिन्याला ३,००० रुपये होतं, नंतर ६,००० झालं, २०२३ पासून १६,००० आहे. तीन वर्षं इतक्यात घर चालवून दाखवायचं, हे मला कधीच पटलं नाही. नवशिक्या डॉक्टरकडून आपण आधी अर्ध्या पैशात ऑपरेशनं करून घेत नाही. असो. अंगमेहनतीचं म्हणाल, तर माझ्या शाळेतल्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला जात. त्यांच्या कष्टांपुढे माझ्या कष्टांचं नाव मी काढणार नाही.

मग अवघड काय आहे? बँकेच्या काउंटरवर एका वेळी एक माणूस असतो. दवाखान्यात डॉक्टरांसमोर एका वेळी एक पेशंट असतो, बाकीचे बाहेर बाकावर. वर्गात तीस जणं एकदम समोर असतात आणि बाहेर थांबा म्हणायची सोय नसते. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला. त्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरला. साठपर्यंत पट असेल तर शाळेला दोन शिक्षक. आता हिशोब तुम्हीच करा. पहिली ते चौथी, चार वर्ग, आणि शिक्षक दोन. म्हणजे कायदा पाळूनही एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात. एका भिंतीच्या फळ्यावर पहिलीचं अ-आ-ई आणि समोरच्या भिंतीच्या फळ्यावर तिसरीची वजाबाकी.

पण मुलांची संख्या, दोन वर्ग, हेही सवयीने जमतं. खरं अवघड काम वेगळं आहे. मूल कुठे अडलंय ते शोधणं, हे ते काम. पुन्हा सांगते: धडा सांगणं नव्हे, मूल कुठे अडलंय ते शोधणं. ते बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून नोकरी सोपी वाटते.

याचा एक किस्सा सांगते. तो सांगायला मला फार आवडतो.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीवर माझी शाळा होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढे लिंबाचं झाड. दसरा झाला की गावात मुकादमांच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्यांच्या, फेऱ्या सुरू होत. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं आवराआवर करत आणि दिवाळीच्या आगेमागे निम्मा गाव टायरगाड्या घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्यांवर निघून जाई. लेकरं बरोबर जात. ज्यांची आजी घरी असे ती मागे राहत. गेलेली परतायची गुढीपाडव्याच्या सुमाराला, पायांना भेगा, केसांना तेल नाही, आणि मधली पाच महिन्यांची शाळा बुडालेली.

त्यांतलीच एक मुलगी. नाव सांगत नाही, आज ती स्वतः दोन लेकरांची आई आहे. तिसरीत होती. परतली तेव्हा वर्गात हातच्याची वजाबाकी झालेली होती. मी तिला ती नव्याने शिकवायला घेतली. बावन्न वजा अठरा. तिनं उत्तर लिहिलं शेहेचाळीस. समजावून सांगितलं. मान डोलावली. पुढचं गणित, त्रेसष्ट वजा अठ्ठावीस. उत्तर पंचेचाळीस.

शिक्षक श्रोत्यांच्या लगेच लक्षात आलं असेल. आठातून दोन घालवले, सहा. पाचातून एक, चार. वर खाली काही न बघता मोठ्यातून लहान घालवायचं. ही चूक तिसरीच्या कुठल्याही वर्गात सापडते. आपण काय करतो? काड्यांचे गठ्ठे काढतो. दहा दहा काड्यांना रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. एक गठ्ठा सोडला की दहा सुट्या मिळतात, झाला हातचा. बहुतेक मुलांना हे एका बैठकीत कळतं. हिला कळेना.

एक दिवस मधल्या सुट्टीत ती पोरींना कारखान्यावरच्या गोष्टी सांगत बसली होती. वाढे विकायचं काम तिच्याकडे असे. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, त्याच्या पेंढ्या बांधून बायका आणि पोरी गावात गुरांसाठी विकतात. मी सहज विचारलं, "काय गं, बावन्न पेंढ्या आणल्या, अठरा विकल्या, तर किती राहिल्या?"

तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "चौतीस."

"कसं केलंस?"

"दहा गेल्या, बेचाळीस. आन् दोन गेल्या, चाळीस. आन् सा गेल्या, चौतीस."

मी थक्क झाले. तीच संख्या, तीच वजाबाकी. पाटी दिली, त्यावर बावन्न वजा अठरा मांडलं. तिनं लिहिलं शेहेचाळीस. मी म्हटलं, "अगं, आत्ता चौतीस म्हणालीस ना?" ती म्हणाली, "ते पेंढ्यांचं, बाई. हे पाटीवरलं."

दोन्ही उत्तरं तिच्या लेखी बरोबर होती! म्हणजे वजाबाकी तिला येत होती, माझ्यापेक्षा भराभर येत होती. अडत होतं दुसरंच काहीतरी, आणि ते काय आहे हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिलीला चित्रं काढायला लावली, तिसरीतल्या बाकीच्यांना पाढे लिहायला दिले, आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिच्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, "मला यातल्या अठरा दे." आणि बोलायचं नाही, नुसतं तिच्या हातांकडे बघायचं, असं ठरवलं. न बोलणं शिक्षकाला किती जड जातं ते शिक्षकांनाच ठाऊक. तिनं एक गठ्ठा उचलून माझ्याकडे सरकवला. मग दोन सुट्या काड्या दिल्या. मग थांबली. तेवढ्यात पहिलीतलं एक पोरगं रडायला लागलं, त्याचा खडू दुसऱ्यानं मोडला होता. खिचडीवाल्या मावशी दारातून तेल संपल्याचं सांगून गेल्या. मी हातानंच थांबा म्हटलं. मुलीनं दुसरा गठ्ठा हातात घेतला, रबराला बोट लावलं आणि तसाच परत खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

त्याच वेळी गावातले एक गृहस्थ नातवाचा बोनाफाईड न्यायला आले होते. व्हरांड्यात उभे राहून बघत होते. त्यांना दिसल्या त्या मांडी घालून गप्प बसलेल्या बाई. ते हसून म्हणाले, "बाईंचं बरंय. सावलीत बसून पगार."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्यांना बसायला सांगितलं आणि मुलीला विचारलं, "बाळा, गठ्ठा सोडत का नाहीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढंही बाईंना कळत नाही. म्हणाली, "बांधलेली मोळी सोडीत नसतेत, बाई."

श्रोतेहो, ज्यांनी ऊसतोड बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाप कोयता चालवतो, आई मोळी बांधते, मोळी डोक्यावरून गाडीत जाते. सुटलेली मोळी म्हणजे वाया गेलेली मेहनत आणि वर बोलणी. पाच महिने त्या लेकरानं हेच बघितलं होतं. आणि मी तिच्यापुढे बांधलेल्या मोळ्या ठेवून, सोड, सोड म्हणत होते. तिनं तिच्या परीनं वाट काढली. दोनातून आठ जात नाहीत. मोळी तर सोडायची नाही. मग आठातून दोन घालवले. यात बेफिकिरी कुठे होती? उलट ती फार विचार करून चुकत होती.

काड्या बाजूला ठेवल्या. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून दहाच्या नोटा केल्या, चिंचोके झाले रुपये. शेजारच्या मुलाला दुकानदार केलं. पाच नोटा आणि दोन रुपये तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "अठरा रुपये दे." तिनं एक नोट दिली, दोन रुपये दिले आणि स्वतःच उठली. "नोट मोडून आणते." दुकानदाराकडून दहा चिंचोके मोजून आणले, त्यातले सहा मला दिले. हातात काय उरलं? तीन नोटा, चार रुपये. चौतीस. मग तेच पाटीवर लिहिलं. पाच खोडून चार, दोनाचे बारा. "ही नोट मोडली," मी म्हटलं. ती म्हणाली, "हां, मग असं सांगायचं की!"

तिच्याबरोबर परतलेल्या आणखी दोघांचं अडणं तेच निघालं. गावात आजीकडे राहिलेल्या एकाचंही नाही.

व्हरांड्यातल्या गृहस्थांनी हे सगळं पाहिलं. बोनाफाईड घेऊन जाताना ते एवढंच म्हणाले, "आमच्या नातवाचं बी असंच बघत जा."

जाता जाता पाटीबद्दल एक सांगते, विषय थोडा वेगळा आहे. पाटी शाळेतून गेली याचं मला वाईट वाटतं. पाटीवर चुकलेलं बोटानं पुसलं जातं, मूल चुकायला भीत नाही. वहीत खाडाखोड राहते, लाल शाई राहते. पहिली-दुसरीला तरी पाटी परत आणावी. आणि २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावन्नला 'पन्नास दोन' असंही म्हणू द्यायची सूचना आली, तिच्यावर केवढं वादळ उठलं! टीका करणाऱ्यांपैकी किती जण सात वर्षांच्या मुलाशेजारी बसून त्याला बावन्न लिहायला शिकवत होते? बोलण्यात दोन आधी येतो, लिहिताना पाच. लेकरं पंचवीस लिहून मोकळी होतात. मला ती सूचना पटली होती, आजही पटते.

तर मूल कुठे अडलंय ते शोधायला काय लागतं? शेजारी बसायला वेळ लागतो. आणि आज शिक्षकाकडून सगळ्यात आधी काढून घेतला जातो तो हाच वेळ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. पण शाळेच्या आतलीच कारकुनी किती वाढली! यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, विद्यार्थ्यांच्या आधारची जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, वर आज दुपारपर्यंत पाठवा म्हणून आलेले मेसेज. रेंज मिळेल तिथे उभं राहून फोटो अपलोड करणारी शिक्षिका तुम्ही पाहिली असेल. ती कामचुकार नाही. तिचा वर्ग मात्र आत एकटा असतो.

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी आधी बघितलं. मुलं गुरांमागे रानात होती. मग शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. मला तीच रीत या कामाची वाटते: आधी बघायचं, मग शिकवायचं.

सोपी नोकरी हवी म्हणून या पेशात येऊ पाहणाऱ्या तरुण मुलामुलींना माझा आग्रह आहे. फॉर्म भरण्याआधी आपल्या गावच्या शाळेत आठवडाभर जाऊन बसा, गुरुजींची परवानगी घेऊन. एका मुलाची वही घ्या आणि ते जिथे चुकतंय तिथे का चुकतंय ते शोधून बघा. त्यात गोडी वाटली तर जरूर या. त्यात कंटाळा आला तर दुसरी कुठलीही नोकरी तुम्हाला यापेक्षा सोपी जाईल.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा तुमच्या आहेत. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा गळणाऱ्या पत्र्यांचं विचाराच, नळाचं विचाराच. पण तिसरीत वजाबाकीत कोण कोण अडलंय, आणि बाईंना त्यांच्याशेजारी बसायला या महिन्यात किती वेळ मिळाला, हेही विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

नमस्कार.