आधी छत बघा

(ध्वनिमुद्रण आणि पियानो शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी जिना चढताना तुमच्यातल्या एकीनं मला विचारलं, "मॅडम, ग्रँड पियानोला माइक कोणता लावायचा?" मला सगळीकडे हाच प्रश्न पहिला विचारला जातो. मी आज त्याच्या आधीच्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे. पियानो वाजणार कुठे? माइक भाड्यानं मिळतो, पसंत पडला नाही तर दुसरा आणता येतो. खोलीचं तसं नाही. ती एकदा आवाजात मिसळली की कणकेत जास्त पडलेल्या मिठासारखी, वेचून काढता येत नाही.

आधी वाद्याकडे बघू. मोठ्या सभागृहात दिसणारा स्टाइनवे कंपनीचा कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मॉडेल डी, 274 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास भरतं. 88 पट्ट्या. सर्वांत डावीकडचा स्वर सेकंदाला साडेसत्तावीस कंपनांचा, सर्वांत उजवीकडचा 4186 कंपनांचा. त्या डावीकडच्या स्वराची एक लहर हवेत साडेबारा मीटर लांब पसरते, म्हणजे एक्केचाळीस फूट. आपल्या घरातल्या कुठल्या खोलीत एक्केचाळीस फूट सलग मिळतात? आणि हा आवाज फक्त उघडलेल्या झाकणातून समोर येत नाही. तारांखालची स्प्रूस लाकडाची पाटी, साउंडबोर्ड, वर जितकी बोलते तितकीच खाली बोलते. म्हणून पियानोखाली जाड गालिचा घातला की अर्धा पियानो गप्प झाल्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य. गायक सूर लावतो आणि तो वाढवतो. सारंगीचा गज सूर धरून ठेवतो. पियानोची हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून सूर फक्त विरत जातो, वादकाला त्यात मागाहून काहीच भरता येत नाही. तानपुऱ्याच्या तारेच्या लांबत जाणाऱ्या नादाला आपण जी आस म्हणतो, ती पियानोला मिळते दोन ठिकाणांहून, पायाखालच्या पेडलमधून आणि खोलीतून. उजवीकडचे वरचे स्वर तर इतके अल्पायुषी असतात की तिथे तारा थांबवणारे डँपरसुद्धा बसवत नाहीत. त्या स्वरांना गातं करते ती खोली. चांगला वादक नव्या जागी बसला की पहिल्या पाच मिनिटांत त्याचा पाय आणि बोटं खोलीच्या हिशेबानं बदलतात. खोली चुकली तर वादनच बदलतं आणि ते नंतर कुठल्याही यंत्रावर दुरुस्त होत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकले. उमेदवारीच्या काळात एका बंगल्याच्या दिवाणखान्यात माझं पहिलं स्वतंत्र पियानो रेकॉर्डिंग होतं. पियानो उत्तम, वादक माझ्याहून कितीतरी अनुभवी, माइक मी हट्टानं भारीतले मागवलेले. खोली वीस फूट बाय वीस फूट, डोक्यावर दहा फुटांवर स्लॅब. चौरस, प्रशस्त, देखणी. दोन दिवस रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं, तर डाव्या हाताचं बोट डावीकडून दुसऱ्या 'ए' या स्वरावर पडलं की प्रत्येक वेळी भिंतीतून कुणीतरी गुरगुरतंय.

कारण साधं आहे, मला तेव्हा ठाऊक नव्हतं एवढंच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीचा अर्धा भाग नेमका मावतो, तो सूर त्या खोलीत फुगतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूरही फुगतात. वीस फुटांना हा सूर येतो साधारण 28 कंपनांचा, त्याची दुप्पट 56. रुंदीही वीस फूट, तिचेही तेच आकडे. आणि दहा फुटांच्या छताचा पहिलाच सूर 56. लांबी, रुंदी, उंची, तिघींनी मिळून एकच सूर धरलेला, आणि पियानोवरचा तो 'ए' 55 कंपनांचा. मी नंतर यंत्रावर तेवढ्याच सुराचा आवाज कमी करून पाहिला. सूर दबला, पण त्याची शेपूट लांबच राहिली, कारण खोली त्याला सोडत नव्हती. ते काम आम्ही टाकून दिलं. वादकानं मला एक शब्दही सुनावला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून कुठल्याही जागेत शिरलात की आधी छत बघा. चौरस खोली टाळा, आणि उंची लांबीच्या बरोबर निम्मी असेल तर तीही टाळा. पण छताचं महत्त्व एवढ्यावर संपत नाही. समजा माइक झाकणापासून दीड मीटरवर, जमिनीपासून 1.8 मीटर उंच आहे. छत तीन मीटरवर असेल तर तारेचा थेट आवाज पोचल्यावर सुमारे पाच मिलिसेकंदांत छतावरून परतलेला आवाज त्याच माइकवर येऊन आदळतो. इतक्या कमी अंतरानं आलेली नक्कल कानाला वेगळी ऐकू येत नाही, ती मूळ आवाजातच घुसते, काही सूर खाते, काही फुगवते. पियानो डब्यात ठेवल्यासारखा लागतो तो यामुळे. तेच छत आठ मीटरवर गेलं की परतीचा आवाज तीस मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येतो, आणि वाटेत बराच क्षीणही होतो. आता तो तारेचा आवाज बिघडवत नाही, त्याच्या मागे उभा राहतो. हा फरक कुठला माइक देईल?

पियानोची नावाजलेली रेकॉर्डिंग कुठे झाली ते पाहा. पियानोवादक ग्लेन गूल्डनं जून 1955 मध्ये बाख या जर्मन संगीतकाराची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना मुद्रित केली ती न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ती इमारत मुळात चर्चची, म्हणजे छत उंच. 1981 साली त्यानं तीच रचना पुन्हा मुद्रित केली तीही त्याच छताखाली. आणि गूल्डला तर कोरडा, जवळचा, प्रत्येक बोट वेगळं दिसेल असा आवाज हवा होता! तरी त्यानं छोटी खोली घेतली नाही. माइक जवळ आणून आवाज कोरडा करता येतो. बुटकं छत मात्र माइक कितीही जवळ आणला तरी बोलतंच. स्वित्झर्लंडमध्ये ला शो-द-फों नावाचं घड्याळवाल्यांचं गाव आहे. तिथलं लाकडी सभागृह 1955 चं, आणि क्लाउदिओ आराउसारखा वादक मुद्रणासाठी त्या आडगावी जायचा.

आपल्याकडे सभागृहं नाहीत का? आहेत, पण नीट पारखून घ्यावी लागतात. मराठी नाट्यगृह बांधलेलं असतं शब्दासाठी. शेवटच्या रांगेतल्या माणसाला संवाद स्पष्ट कळावा म्हणून तिथे आवाज चटकन विरायला हवा असतो, आणि रंगमंचावरचे पडदे, विंगा, वरची पोकळी आवाज गिळून टाकतात. तिथे पियानो वाजवला की स्वर ओठांवरच वाळतो. कधी कधी मी पियानो रंगमंचावर न ठेवता खाली प्रेक्षागृहात, पहिल्या रांगेच्या पुढे ठेवते, तेवढ्यानंही फरक पडतो. नुसत्या संगीताचा विचार करून बांधलेल्या जागा वेगळ्या. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर 1980 सालचं, फिलिप जॉन्सन यांची वास्तुरचना आणि सिरिल हॅरिस यांची ध्वनिरचना. कलाकार ध्वनिक्षेपकाशिवाय ऐकू यावा, हा तिथला हेतू.

दुसऱ्या टोकाला गोव्यातली जुनी चर्च. जाड भिंती, दगड, चुना, वर कमान. एक स्वर वाजवा आणि तो संपायची वाट बघत बसा. संथ रचनेला ते स्वर्गीय वाटतं, पण बाखच्या तीन स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी पळू लागल्या की त्यांचा गुंता होतो. अशा वेळी मला सेबाइन आठवतात. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यान-खोलीत एक शब्द साडेपाच सेकंदांहून जास्त घुमत राहायचा. 1895 साली वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला ते घुमणं आवरायचं काम सांगितलं गेलं. त्यांनी रात्री, शहर निजल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणल्या, थोड्या थोड्या करून खोलीत मांडल्या आणि प्रत्येक वेळी ऑर्गनचा सूर किती सेकंदांत विरतो ते मोजलं. त्यातून ध्वनिशास्त्राचं सूत्र मिळालं: खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका घुमारा लांब, आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखूड. पुढे बॉस्टनचं सिम्फनी हॉल त्यांच्या सल्ल्यानं उभं राहिलं, 1900 साली. गाद्या, सतरंज्या, रजया घेऊन चर्चमध्ये शिरणारी मी काही नवीन करत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. मोठ्या खोलीत रजया टाकून घुमारा आवरता येतो. छोटी खोली रजयांनी मोठी होत नाही. पातळ रजई फक्त वरचे सूर पिते, खर्जाची गुरगुर तशीच राहते, आणि मग उरतो तो मळकट आवाज.

जागा बघायला जाल तेव्हा टाळी वाजवा. भिंती समांतर आणि गुळगुळीत असतील तर टाळीमागून 'टर्रर्र' असा आवाज येतो; तो पियानोच्या वरच्या पट्टीत सतत खुपेल. मग वादकाला वाजवायला सांगा आणि एक कान बोटानं बंद करून खोलीभर चाला. दोन कानांनी ऐकताना मेंदू खोलीचा बराच भाग परस्पर गाळून टाकतो. माइककडे ती सोय नाही. एका कानानं ऐकलं की खोलीचा घुमारा अचानक मोठा ऐकू येतो. त्यानंतर डावीकडून उजवीकडे एक एक पट्टी सावकाश वाजवून घ्या. कुठल्यातरी स्वराला खिडकीची काच, झुंबर, पंख्याचं पातं, एसीची जाळी थरथरणारच. ती शोधा, कागदाची घडी करून खोचा, चिकटपट्टी लावा.

आणि मग शांतता. शेवटचा खर्जातला स्वर विरायला पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि त्या वीस सेकंदांत रिक्षा, पाण्याचा पंप, लिफ्ट, ट्यूबलाइटची चोक, कबुतरं, सगळे हजेरी लावतात. जागा दुपारी बघून रात्रीचं रेकॉर्डिंग ठरवू नका. ज्या वारी, ज्या वेळी मुद्रण करायचं त्याच वेळी जाऊन दिवे-पंखे बंद करून दहा मिनिटं बसा.

मुंबईत आणि गोव्यात तर आणखी एक पेच. एसी चालू ठेवला तर त्याचा आवाज येतो, बंद केला तर तासाभरात दमट हवा आत भरते. साउंडबोर्डचं लाकूड पाणी पितं, फुगतं, तारांचा ताण बदलतो आणि सूर सरकतो. मी आदल्या दिवसापासून एसी चालू ठेवते, वीस मिनिटं मुद्रण, मग एसी पुन्हा चालू, आणि पियानो सुरात लावणाऱ्या ट्यूनरला दिवसभर थांबवून घेते. त्याचा मेहनताना खर्चात सर्वांत आधी धरा.

आता त्या मागच्या मुलाचा प्रश्न. त्याच्याकडे आजोबांचा बेबी ग्रँड, म्हणजे लहान ग्रँड पियानो आहे, खोली बारा बाय चौदा फुटांची, दुसरी जागा परवडत नाही, तर काय करायचं? अशा वेळी पियानो खोलीच्या बरोबर मध्यावर नको, कोपऱ्यात तर नकोच. भिंतीशी तिरका ठेव. पुस्तकांनी भरलेलं कपाट झाकण उघडतं त्या बाजूला आण. माइकच्या थेट वर, छताला, जाड गादी बांध. कापसाची जाड गादी पातळ रजईपेक्षा कितीतरी जास्त काम करते. माइक तारांच्या जवळ ने, दार सताड उघडं ठेव आणि पुढच्या खोलीचं दारही, म्हणजे खर्जाला बाहेर पडायला वाट मिळेल. आणि पहाटे पाच ते साडेसहाच्या आत मुद्रण उरक, दूधवाला यायच्या आधी.