केबिनमधली पेटी

(दृश्य: पहाट. करंजीजवळचा ढाबा. रांगेने उभे ट्रक, केबिनवर दव.)

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४. नागपूर सोडलं, जाम, हिंगणघाट, वडकी मागं पडली, की यवतमाळ जिल्ह्यातली करंजी लागते. यवतमाळहून वणीकडं जाणारा रस्ता इथंच या महामार्गाला छेदतो. त्यामुळं रात्री ढाब्यावर टेकलेल्या गाड्यांत सगळा मुलूख दिसतो. वणीचा कोळसा, चंद्रपूरकडचं सिमेंट, जिनिंगला निघालेला कापूस, नागपूरची संत्री.

या चालकभाऊंची सकाळ सुरू झाली आहे. काच पुसून झाली, उदबत्ती लावून झाली. आता हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन ते एकेका टायरवर ठोका देत गाडीभोवती फिरताहेत. आवाज ऐका. हा भरीव. हाही भरीव. आणि हा जरा बसका. हवा कमी आहे, हे त्यांना मीटर न लावता कळलं.

(दृश्य: केबिन. सीटमागची फळी.)

आम्ही त्यांना एकच वस्तू काढून दाखवायला सांगितली. प्रथमोपचाराची पेटी.

स्टेपनी, जॅक, पाने, रस्सा, ताडपत्री, ग्रीसचा डबा या सगळ्यांची जागा त्यांना अंधारातही सापडते. पेटी शोधायला मात्र वेळ लागला. अंथरुणाची वळकटी निघाली, जुन्या बिल्ट्यांचा, म्हणजे मालाच्या पावत्यांचा, गठ्ठा निघाला, त्याखाली ती होती. पांढरी, लाल फुलीची. वरचं प्लास्टिक अजून फाडलेलं नव्हतं.

‘पासिंगले दाखवा लागते न भाऊ, म्हून ठेवली.’

पासिंग म्हणजे आरटीओची गाडी-तपासणी. त्यांनी ती पेटी आमच्यासमोर पहिल्यांदा उघडली. पिवळट पडलेला कापूस. पट्टीचे दोन गुंडाळे. मलमाची कडक झालेली नळी. छोटी कात्री, तिच्या सांध्यावर गंज. जंतुनाशकाची बाटली रिकामी होती. झाकण घट्ट असूनही उन्हानं ती आटून गेली होती. मे महिन्यात या भागात पारा ४५ च्या वर जातो, आणि इंजिनाशेजारी असलेल्या केबिनमध्ये तर बोलायलाच नको.

मागचा ट्रक उघडला, तिथं पेटीत टोलच्या पावत्या होत्या. त्यामागच्या टिप्परमध्ये पेटी होती, पण चावी मोटरमालकाकडं.

हे दाखवण्यामागं या माणसांना कमीपणा आणण्याचा हेतू नाही. उलट आहे. या रस्त्यावर अपघात झाला, की सर्वात आधी पोहोचतो तो दुसऱ्या गाडीचा चालकच. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी, आत डॉक्टर. तिनं खूप जीव वाचवले आहेत. पण फोन लागल्यापासून ती गाडी दिसेपर्यंतचा वेळ कोणाच्या हातात असतो? इथल्या पांढरकवड्याहून यवतमाळ ७०च्या आसपास किलोमीटर, नागपूर दीडशे. मोटार वाहन कायद्यानंही जखम झाल्यापासूनच्या पहिल्या तासाला सुवर्णतास म्हणून व्याख्येत जागा दिली आहे. त्या तासाचा पहिला तुकडा ट्रकवाल्याच्या, काळीपिवळीवाल्याच्या, मेटॅडोरवाल्याच्या वाट्याला येतो.

(दृश्य: काळीपिवळी, टपावर गाठोडी. क्लीनर पोरगा पायरीवर उभा.)

एसटीच्या वाहकाला बिल्ला काढायचा, तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. अवजड गाडी शिकवण्याचा जो अभ्यासक्रम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये घालून दिला आहे, त्यातही प्रथमोपचाराचा भाग आहे. कागदावर सगळं आहे. पण इथले चालक शिकले कुठं? उस्तादाच्या हाताखाली. आधी क्लीनर म्हणून काच पुसली, मग रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग मिळालं, मग भरल्या गाडीचं. उतारावर कोणत्या गिअरमध्ये राहायचं, ते उस्तादानं शिकवलं. जखमेचं त्यालाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

(दृश्य: ढाब्याच्या शेडमध्ये सतरंजी. चालक, क्लीनर. समोर परिचारिका.)

आज त्यांना शिकवायला तालुक्याच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या दुचाकीवर. पुस्तक आणलं नाही. ढाब्याच्या मागून त्यांनी इंजिन ऑइलचा पाच लिटरचा रिकामा डबा उचलून आणला आणि टेबलावर ठेवला.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण एवढंच.

शेडमधली कुजबुज थांबली, ती इथं. ऑइल किती गळालं की इंजिन बसतं, हे या माणसांना सांगावं लागत नाही.

मग त्यांनी एकाच्या गळ्यातला दुपट्टा मागितला. घडी घातली, दुसऱ्या एकाच्या दंडावर ठेवली आणि तळहात टेकून वरून दाबला. हात सरळ, अंगाचं वजन हातावर. दाब सोडायचा नाही. रक्त थांबलं का ते उचलून बघायचं नाही. बघितलं, की धरलेली गाठ सुटते. दुपट्टा भिजला तर काढायचा नाही, त्यावरच दुसरा ठेवायचा. अंगात काही घुसलेलं असेल, सळई, काच, लाकूड, तर ते ओढायचं नाही. आजूबाजूनं कापड लावून तसंच दवाखान्यात न्यायचं.

आता सगळे जोडीनं करून बघताहेत. हे हात बघा. ग्रीसनं काळे झालेले, घट्ट्यांनी भरलेले. त्यांना ताकद शिकवावी लागत नाही. फक्त ती कुठं लावायची, एवढंच सांगायचं आहे.

पाण्याचं मात्र समजावून सांगावं लागलं. आपल्याकडं माणूस पडला, की पहिला धावतो तो पाणी घेऊन. माणुसकीच ती. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनळीत उतरतं. सिस्टरनी एका क्लीनरला सतरंजीवर उताणं झोपवलं, मग गुडघा आणि खांदा धरून हळूच कुशीवर केलं. श्वास चालू असेल, मानेला मार बसल्याची शंका नसेल, तर असं ठेवायचं. जीभ मागं पडत नाही, उलटी बाहेर येते. मानेची शंका असेल, तर डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवायचं. गाडीनं पेट घेतला, किंवा मागून धडक बसण्याची भीती असली, तरच माणसाला लगेच ओढून काढायचं.

एकानं विचारलं, फिट आली तर कांदा? चप्पल? दोन्ही नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला सारायच्या, तोंडात काही घालायचं नाही, झटके थांबले की कुशीवर.

(दृश्य: बोनेटमधून उठणारी वाफ.)

मग त्यांच्याच धंद्यातली जखम निघाली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण. शेडमधल्या तिघांनी बाह्या वर केल्या आणि डाग दाखवले. त्यावर काय लावलं होतं? हळद. टूथपेस्ट. एकानं ग्रीस. सिस्टर म्हणाल्या, पाण्याची कॅन सगळ्यांच्या गाडीत असते न भाऊ? तीच. साधं पाणी, २० मिनिटं, सारखं ओतत राहायचं. बर्फ नको, फोड फोडायचा नाही.

सापाचंही विचारलं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांना दवाखान्यात पोहोचवणारी गाडी बहुतेक वेळा यांचीच. करकचून दोरी नको, ब्लेड नको, मांत्रिकाकडं फेरा नको. चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना गाठायचा.

(दृश्य: छातीदाबाचा पुतळा. घाम.)

शेवटी हा पुतळा. माणूस हाकेला उत्तर देत नाही, श्वास नाही. आधी १०८ लावायला एकाला सांगायचं, मग छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा. दोन इंच खोल. मिनिटाला १०० ते १२० वेळा. सिस्टर मोजताहेत, शेड मोजतंय. पन्नाशीचे हे उस्ताद दीड मिनिटात दमले, तर क्लीनर पोरगा न सांगता त्यांच्या जागी बसला. असंच आलटून पालटून करायचं असतं.

(दृश्य: चहा. चालकांचे चेहरे.)

चहाच्या वेळी भीती निघाली. थांबलो, तर जमाव आपल्यालाच धरतो. पोलीस नाव लिहून घेतात, मग तारखा. ही भीती खोटी नाही, ती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे अपघातातल्या चालकाचं कर्तव्य आहे, आणि जमावाच्या संतापामुळं ते शक्य नसेल, तर त्याच कलमात सूट आहे. पण जो दुसऱ्याच्या अपघाताजवळ मदतीला थांबतो, त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ते त्यानं ठरवायचं. हे सिस्टरनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा चालकांनी मोबाइल पुढं करून रेकॉर्ड करून घेतलं.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली.

आमचं म्हणणं साधं आहे. पासिंगला पेटी बघता, तर ती उघडून बघा. आणि ती बाळगणाऱ्या चालकाला जखमेवर दुपट्टा दाबता येतो का, तेही बघा. असा एक दिवस प्रत्येक तालुक्याच्या ट्रकतळावर भरवायला फार काही लागत नाही. सतरंजी, एक पुतळा आणि शिकवणारं माणूस.

(दृश्य: दुपार. तीच केबिन.)

आमच्या पहिल्या चालकभाऊंनी पेटी धुऊन वाळवली. आत नव्या पट्ट्या, स्वच्छ सुती कापड, हातमोजे, नवी कात्री. सीटमागं परत ठेवली नाही. क्लीनरनं तारेनं ती दाराजवळ, उतरता उतरता हाताला येईल अशी बांधली.

इंजिन सुरू झालं. गाडी वणीच्या रस्त्याला वळली. आमचा कॅमेरा अजून केबिनमध्ये आहे.

‘सांग बरं, रक्त वाहून राहिलं तं काय करशीन?’

पोरानं गळ्यातला दुपट्टा काढला, घडी घातली आणि उस्तादाच्या गुडघ्यावर दाबून धरला.

‘सोडू नको,’ उस्ताद म्हणाले, नजर रस्त्यावर.