एका देशाची पाच आरमारं

[कॅमेऱ्याकडे बघून]

१३ जून १६६५. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लोस्टॉफ्टजवळ, इंग्रजांशी लढताना डच ताफ्याच्या सेनापतीचं जहाज दारूगोळ्यासकट उडालं. त्या जहाजाचं नाव 'एन्द्राख्त', म्हणजे एकजूट. सेनापती ऑब्डम जागीच गेले. पुढच्या काही तासांत त्या ताफ्याला दोन सेनापती झाले. ते कसं, हे कळायला आधी 'अ‍ॅडमिरल' म्हणजे कोण ते बघू.

शब्द मूळचा अरबी. अमीर. सिसिलीत नॉर्मन राजांनी तो अरबांकडून उचलला आणि त्यांच्याकडे अमीर हा दरबारचा मोठा अधिकारी होता. राजा दुसऱ्या रॉजरच्या ताफ्याचा सेनापती, अँटिऑकचा जॉर्ज, स्वतःला 'अमीरांचा अमीर' म्हणवायचा. पालेर्मोत त्याने बांधलेलं चर्च आजही उभं आहे.

तिथून हा शब्द युरोपभर गेला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वाटला गेला. इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखापासून वर 'उत्तरेचा अ‍ॅडमिरल', खाली 'पश्चिमेचा'. फ्रान्समध्ये राजाचा एक अ‍ॅडमिरल असायचाच, पण ब्रिटनी, गिएन, प्रोव्हान्स यांचे आपापले वेगळे. आपल्या भाषेत सांगायचं तर हे समुद्राचे सुभेदार. समुद्रावरच्या गुन्ह्यांचा निवाडा त्यांच्या कोर्टात व्हायचा. शत्रूचं जहाज पकडून आणलं की लुटीतला दहावा हिस्सा फ्रान्सच्या अ‍ॅडमिरलचा. चौथाईसारखाच हिशेब, फक्त दर कमी. एवढी कमाई असल्यावर पद सोडणार कोण? आणि ते मिळवायला जहाजावर पाय ठेवलेला असायलाच हवा असंही नव्हतं. फ्रान्सचा मुख्यमंत्री रिशल्यू याने १६२७मध्ये हे पद बंद करून कारभार स्वतःकडे घेतला. चौदाव्या लुईने १६६९मध्ये ते पुन्हा काढलं आणि दिलं आपल्या दोन वर्षांच्या मुलाला! प्रत्यक्ष काम दोन व्हाइस-अ‍ॅडमिरलांकडे: एक 'पोनाँ'चा, म्हणजे मावळतीचा, अटलांटिक बाजूचा, दुसरा 'लव्हाँ'चा, उगवतीचा, भूमध्य समुद्राचा.

पण ही वाटणी पार टोकाला नेली ती डचांनी.

[स्क्रीनवर नेदरलँड्सचा नकाशा]

१५९७पासून तिथे पाच अ‍ॅडमिरल्टी होत्या, म्हणजे आपापलं आरमार सांभाळणाऱ्या पाच कचेऱ्या. रॉटरडॅमला मास (आपला महिना नव्हे, नदीचं नाव). मग अ‍ॅम्स्टरडॅम. मिडलबर्गला झीलंडची. फ्रीसलंडची आधी डोकम या गावी, १६४५पासून हार्लिंगनला. पाचवी नोर्डरक्वार्टिअर, तिच्यासाठी होर्न आणि एंखाउझन ही शहरं भांडत होती, म्हणून कचेरी आळीपाळीने दोन्हीकडे.

पैसा कुठून यायचा? बंदरावरच्या जकातीतून. एक भाग 'कॉनव्हॉयन', व्यापारी जहाजांना संरक्षण देण्याची फी. दुसरा 'लिसेंटन'. हा मजेशीर आहे: शत्रूशी व्यापार करायच्या परवान्याची फी. म्हणजे स्पेनशी लढायचा खर्च काही अंशी स्पेनशी चाललेल्या व्यापारातून निघत होता. यातली अडचण उघड आहे. ज्या बंदरात माल जास्त, त्याचं आरमार तगडं. अ‍ॅम्स्टरडॅम गब्बर, फ्रीसलंड कायम ओढग्रस्त.

आता हुद्दे. अ‍ॅडमिरल-जनरल हा मान श्टॅथाउडरचा, म्हणजे प्रांताच्या मुख्य कारभाऱ्याचा, ऑरेंज घराण्यातल्या प्रमुखाचा. त्यामुळे कितीही मोठा दर्यावर्दी झाला तरी तो 'लेफ्टनंट-अ‍ॅडमिरल'च, दुसऱ्याच्या वतीने. १६५०नंतर हॉलंड प्रांताने श्टॅथाउडर नेमणंच थांबवलं. वरची खुर्ची रिकामी, तरी खालच्या हुद्द्यातला 'लेफ्टनंट' काही गेला नाही.

[जहाजाचं चित्र, तीन डोलकाठ्या]

ताफ्यात कोण कुठे आहे हे निशाणावरून कळायचं. मधल्या डोलकाठीवर निशाण असेल तर लेफ्टनंट-अ‍ॅडमिरल. पुढच्या काठीवर व्हाइस-अ‍ॅडमिरल. मागच्या काठीवर 'स्खाउट-बे-नाख्त', शब्दशः रात्रीचा कोतवाल. मला हे नाव फार आवडतं.

लोस्टॉफ्टला इंग्रजांच्या तुकड्या तीन: लाल, पांढरी, निळी. वर एकच माणूस, राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क. डचांच्या तुकड्या सात, कारण प्रत्येक अ‍ॅडमिरल्टीला आपली माणसं निशाणाखाली हवी होती. सात तुकड्या, प्रत्येकी तीन निशाणं, म्हणजे एकवीस वरिष्ठ.

ऑब्डमनंतर मान होता मासच्या कोर्तेनारचा. पण तो आधीच गोळा लागून पडला होता आणि निशाण मात्र वरच फडकत होतं. इतर जहाजांना ते दिसत होतं, खाली माणूस नाही हे कसं दिसणार? त्यात ते जहाज लढाईतून मागे फिरलं आणि निशाण बघून बाकीचे गोंधळले. तेवढ्यात झीलंडचे योहान एव्हर्टसन आणि हॉलंडचे कॉर्नेलिस ट्रॉम्प, दोघांनीही ताफ्याची सूत्रं हाती घेतली. ताफा फुटला. काही जहाजं मासच्या मुखाकडे, काही टेक्सेलकडे. एव्हर्टसन ब्रिलला उतरले तेव्हा चिडलेल्या जमावाने त्यांना पाण्यात ढकललं.

ऑगस्टमध्ये मिकिल डे रॉयटर लांबच्या मोहिमेवरून परतले आणि ताफा त्यांच्याकडे गेला. माझ्या मते त्यांचं कर्तृत्व होतंच, पण ओळखही कामी आली: जन्म झीलंडमधला, नोकरी अ‍ॅम्स्टरडॅमची, पुढे निशाणाचं जहाज 'डे झेवन प्रोव्हिन्सिअन' हे मासच्या मालकीचं. कोणालाच ते परके वाटेनात. १६६६च्या उन्हाळ्यात ताफ्याच्या तुकड्या सातावरून तीनवर आल्या. १६७३मध्ये डे रॉयटरना लेफ्टनंट-अ‍ॅडमिरल-जनरल केलं. नावात अजूनही लेफ्टनंट आहेच, कारण तोवर ऑरेंज घराण्याचा तिसरा विल्यम वरच्या खुर्चीत परत आला होता.

पाच अ‍ॅडमिरल्टी मात्र हलल्या नाहीत. १७९५मध्ये जुनं प्रजासत्ताकच कोसळलं, तेव्हा कुठे त्या गेल्या. रात्रीचा कोतवाल तेवढा टिकला. डच नौदलात रिअर अ‍ॅडमिरलला आजही स्खाउट-बे-नाख्तच म्हणतात.